साधा ताप कोणासाठी साधा?

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतून खोकल्याचा आवाज सुरू होतो. एका घरातले पोर शाळेतून नाक गळत घरी येते, दोन दिवसांनी त्याची आई अंथरूण धरते आणि आठवडाभरात भिंतीपलीकडच्या घरातही तापाचे माणूस असते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा जण झोपतात, तिथे दुसरे काय होणार? आपण याला आजार मानतच नाही. ‘व्हायरल आहे, चार दिवसांत जाईल’ म्हणतो, मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पुडी आणतो आणि कामावर जातो. हातावर पोट असलेल्या माणसाला तापासाठी घरी बसणे परवडतही नाही. आणि बहुतेकांचा ताप खरोखरच चार-पाच दिवसांत जातो, हेही खोटे नाही.

पण त्याच घरात लिव्हरचा जुना रोगी असेल तर? लिव्हर म्हणजे यकृत. ते सुकून, गाठाळून कडक झाले की त्याला सिरॉसिस म्हणतात. अशा माणसाला फ्लू किंवा कोविडसारखा श्वासाच्या वाटेने येणारा विषाणू लागला तर त्याची छाती सांभाळून भागत नाही. ताप छातीत असतो आणि घाव लिव्हरवर पडतो. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या घरात हे घडले. पोट फुगलेला, डोळे पिवळे पडलेला असा एखादा माणूस आपल्या किती घरांत कोपरा धरून बसलेला असतो ते आम्ही पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, त्यांनी ३१ वर्षे सफाई खात्यात काढली. दारूला ते कधी शिवले नाहीत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण लिव्हर खराब झाले म्हटले की समोरचा माणूस आधी तोंडाचा वास घेतो आणि मग नाडी पाहतो. सफाई कामगार आणि त्यात लिव्हर, म्हणजे दारूच. लोकांचा हिशोब तिथेच संपतो. २०१६ च्या १४ एप्रिलला वस्तीत रक्तदान शिबिर होते. दादांनी रक्त दिले. पुढे रक्तपेढीकडून निरोप आला की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे, डॉक्टरांना भेटा. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली आणि सिरॉसिस सुरू झाल्याचे निघाले. एक दिवसही कामावर खाडा नसलेला माणूस!

विषाणू कोठून आला हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. जन्मताना आईकडून येतो, दूषित सुईने येतो, दुसऱ्याच्या वस्तऱ्याने येतो, शरीरसंबंधातून येतो. एकत्र जेवल्याने किंवा एका तांब्यातले पाणी प्यायल्याने येत नाही. दादांना मात्र आठवते की पूर्वी दवाखान्यांचा कचराही त्याच ढिगात यायचा, हातमोजे नसायचे, आणि हाताला सुई टोचली तर नळाखाली हात धरून पुन्हा फावडे उचलायचे. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी असे २०१६ च्या नियमांत लिहिले आहे. दादांच्या नोकरीची बहुतेक वर्षे तोवर सरली होती. असो.

रोज एक गोळी सुरू झाली. दादा कामावर जात होते, जेवत होते, नातवाला शाळेत सोडत होते. डॉक्टर म्हणायचे, लिव्हर आजारी आहे पण अजून घर चालवते आहे. हे ‘घर चालवणे’ म्हणजे काय ते समजले की पुढचे सगळे समजते.

आपण खातो त्याचे रक्त आतड्यातून सरळ लिव्हरकडे जाते. त्या रक्तात जंतूंचे आणि विषांचे अंश असतात. लिव्हरमध्ये बसलेल्या पेशी राखणदारासारख्या ते टिपून घेतात. शरीराच्या संरक्षणाला लागणारी कितीतरी प्रथिने लिव्हरच तयार करते, रक्त गोठवणारे घटकही तेच करते. सिरॉसिसमध्ये राखणदार थकतात, आणि रक्त आडवाटेने, लिव्हरला टाळून, पुढे निघून जाते. म्हणून अशा माणसाला कोणताही संसर्ग लवकर लागतो, जास्त दिवस राहतो, आणि विषाणूच्या मागोमाग छातीत जंतूंचा न्यूमोनियाही शिरू शकतो. पोटात पाणी साचलेले असेल, म्हणजे जलोदर असेल, तर ते पाणी खालून फुप्फुसांना दाबते. श्वासाला आधीच जागा कमी, त्यात हा कफ.

इथपर्यंत झाले छातीचे. पण विषाणू फुप्फुसातच राहिला, लिव्हरमध्ये पाऊलही टाकले नाही, तरी लिव्हर बिघडू शकते. संसर्गाशी लढताना सगळ्या शरीरात दाह पेटतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, किडनीला रक्त कमी पोचते, लघवी कमी होते आणि पोटात पाणी वाढते. तापाने जेवण सुटते. पुरेसे अन्न नाही म्हणून शरीर स्वतःचे स्नायू जाळते. पाणी कमी पडून शौचाला खडा होतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया बाहेर जात नाही, थकलेले लिव्हर तो गाळू शकत नाही, आणि तो मेंदूवर चढतो. धडधाकट माणसाच्या लिव्हरलाही फ्लूमध्ये थोडा धक्का बसतो, पण त्याच्याकडे शिल्लक असते. सिरॉसिसच्या माणसाच्या पासबुकात शिल्लकच नसते.

त्या ऑगस्टमध्ये नातवाला सर्दी झाली, मग आम्हांला, मग दादांना. अंग ठणकत होते, थोडी कणकण होती. ताप फार चढला नाही. (अशा रोग्यांना संसर्ग मोठा असूनही ताप कमीच दिसू शकतो, हे डॉक्टरांनी पुढे सांगितले.) वहिनी त्यांना घेऊन एका खासगी दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘डॉक्टर, ह्यांना लिव्हरचा त्रास आहे, गोळी चालू आहे,’ आणि फाईल पुढे केली. फाईल उघडलीसुद्धा नाही. अंगदुखीचे इंजेक्शन, वेदना कमी करणाऱ्या गोळ्या आणि झोप आणणारे खोकल्याचे औषध असे देऊन, पैसे घेऊन, पुढच्या रोग्याला हाक मारली. गर्दीचा दवाखाना, मान्य आहे. पण शिकलेल्या माणसाने गरीब बाईचे एक वाक्य ऐकायला किती वेळ लागतो?

तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली आणि लुंगीची गाठ पोटावर बसेना. दिवसभर दादा झोपून आणि रात्रभर जागे. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास ते उठले, शर्ट उलटा घातला आणि हजेरीला उशीर झाला म्हणून दाराची कडी काढू लागले. जीभ जड, शब्द अडखळत होते. आवाजाने शेजारची दारे उघडली. कोणीतरी म्हणाले, ‘आज दादानेपण घेतली वाटतं.’ वहिनींनी ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. रिक्षा आणायला पोराला पिटाळले आणि फाईल पदराखाली धरली.

कॅज्युअल्टीतही पहिला प्रश्न तोच: ‘किती पितो?’ वहिनी म्हणाल्या, ‘ब ची कावीळ आहे, रक्तपेढीचा कागद फाईलमध्ये आहे.’ एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला. मग दादांना म्हणाल्या, ‘काका, दोन्ही हात पुढे करा आणि रस्त्यात मोटार थांबवतो तसे पंजे वर करा.’ दादांचे पंजे एका जागी राहीनात. पाखराने पंख फडफडवावेत तसे हलत होते. बाई आमच्याकडे वळल्या. ‘ही दारू नाही. लिव्हरचे विष मेंदूवर आले आहे. ह्यांना सर्दी-खोकला किती दिवस आहे?’

नाकातला नमुना घेतला, तो स्वाइन फ्लूचा निघाला. २००९ साली पुण्यात ज्याने हाहाकार केला तोच, आता दर साली येणाऱ्या फ्लूंपैकी एक झालेला. फ्लूवरच्या ऑसेल्टामिविर गोळ्या सुरू झाल्या. लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध देऊन पोट साफ केले, पोटातले पाणी सुईने काढून तपासले, किडनीवर ताण आला होता म्हणून वेदनाशामक सगळे बंद केले. अकरा दिवस दादा तिथे होते. सहाव्या दिवशी त्यांनी वहिनींना नावाने हाक मारली. एरवी ते नाव घेत नाहीत.

हे आमच्याच घरी घडले असे नाही. फ्लूच्या साथीत सिरॉसिसचे रोगी असेच ढासळतात, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी २००० सालीच छापले होते. पुढे कोविडने सगळ्या जगाला ते दाखवले. २९ देशांतील ७४५ लिव्हर-रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. ती लस येण्यापूर्वीची आणि मुख्यतः इस्पितळात गेलेल्या रोग्यांची आहे, म्हणून आजच्या माणसाने ते आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. पण त्यातून दिशा कळते. त्यांपैकी ३८६ जणांना सिरॉसिस होता आणि त्यांतले ३२ टक्के दगावले. लिव्हरचा आजार असूनही सिरॉसिस नव्हता त्यांच्यात हेच प्रमाण ८ टक्के होते. सिरॉसिसचेही ए, बी, सी असे टप्पे डॉक्टर मानतात; एमध्ये १९, बीमध्ये ३५ आणि सीमध्ये ५१ टक्के मृत्यू झाले. तेव्हा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ एवढेच लिहिले असेल त्याने घाबरून जाऊ नये. वजन आणि साखर आवरावी, पण त्याची गोष्ट वेगळी आहे.

त्याच नोंदीतली एक बाब आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कोविडमुळे ज्यांचे लिव्हर एकाएकी ढासळले, म्हणजे पोटात पाणी वाढले किंवा शुद्ध ढळली, त्यांच्यातल्या २१ टक्के लोकांना खोकला नव्हता, दम नव्हता, छातीची कसलीच तक्रार नव्हती. घरचे माणूस खोकल्याची वाट पाहत बसले तर चुकामूक होते. म्हणून साथीच्या दिवसांत अशा माणसाचे पोट, लघवी, झोप आणि बोलणे यांच्याकडे पाहावे. दिवसा झोप आणि रात्री जाग, साध्या हिशोबात गोंधळ, काळी शौच, रक्ताची उलटी, दम, वाढलेली कावीळ, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

औषधांचे थोडे सांगतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशी वेदनाशामके सिरॉसिसच्या माणसाची किडनी बसवू शकतात आणि रक्तस्राव करू शकतात. निमेसुलाइड तर लिव्हरलाच इजा करते म्हणून बदनाम आहे. गंमत अशी की लोक पॅरासिटामॉलला घाबरतात आणि ह्या गोळ्या बिनधास्त घेतात. आम्हांला डॉक्टरांनी तापाला पॅरासिटामॉलच सांगितली आहे, फक्त माप ठरवून: दिवसभरात २ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, त्याही लागल्या तरच. आपल्या रोग्याचे माप त्याच्या डॉक्टरांकडून घ्यावे. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर माप नकळत दुप्पट होते. झोप आणणारी खोकल्याची औषधे मेंदूचा गोंधळ वाढवतात. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते, म्हणून अशा रोग्याने फ्लूच्या दिवसांत ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. चिठ्ठीशिवाय ती घेऊही नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि उलट्या-जुलाब लागले तर त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी विचारावे. ब च्या काविळीची रोजची गोळी मात्र तापातही मनाने बंद करायची नाही. आणि कोविडसारख्या आजारात स्टेरॉइड देण्याची वेळ आली तर ब ची लागण आहे हे आधी सांगावे, कारण स्टेरॉइडने दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

काढ्यांविषयी लिहिले तर काही वाचक रागावतील. २०२० साली कोविडच्या भीतीने घराघरांत गुळवेल उकळली गेली. आमच्याही दारी एक हितचिंतक बाटली घेऊन आले होते. वहिनींनी ती घेतली, चहा पाजला आणि बाटली फळीवर ठेवून दिली. त्याच वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा रोगी मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिले आणि २०२१ मध्ये ते छापून आले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसरीच वनस्पती गुळवेल म्हणून घेतली असेल असे म्हटले. वाद तज्ज्ञांचा आहे. ज्याच्या लिव्हरमध्ये शिल्लक नाही त्याने त्या वादात आपले लिव्हर का लावावे?

खाण्याचेही तसेच. लिव्हरच्या माणसाला डाळ नको, अंडे नको, नुसती पेज द्या, असे अजूनही सांगतात. आताचे डॉक्टर तसे म्हणत नाहीत. प्रथिने तोडली तर स्नायू झिजतात, आणि अमोनिया जिरवायला स्नायूंचीही मदत होते. दादांना तापातही थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, डाळ, अंडे, दही असे देतात. रात्री झोपण्यापूर्वीही काहीतरी पोटात जाते. पोटात पाणी आहे म्हणून मीठ कमी, त्यामुळे घरातला सुक्या मासळीचा डबा दादांच्या नजरेआड ठेवावा लागतो. त्यांना तो कोठे आहे ते माहीत आहे.

सगळ्यांत अवघड गेले ते माणसांना दारात थांबवणे. आपल्यात आजारी माणसाला भेटायला जाणे हे कर्तव्य मानतात, आणि ते चांगलेच आहे. याच माणसांनी इस्पितळात आळीपाळीने रात्री काढल्या, डबे आणले, रक्ताची गरज पडेल म्हणून चार पोरे खाली बसून राहिली. त्यांना कसे सांगायचे, की तुम्हांला खोकला आहे, आत येऊ नका? वहिनींनी दाराजवळ एक स्टूल ठेवले आहे. ज्याला शिंक-खोकला असेल त्याने तिथे बसायचे, दादा आतून बोलतात. खिडकी उघडी, पाऊस आत आला तरी उघडी. नातवाला सर्दी झाली की तो आमच्याबरोबर पोटमाळ्यावर झोपतो. सुरुवातीला दोन-तीन जण रुसले. एक मावशी सहा महिने आल्या नाहीत. मग कोविड आला, सगळ्या जगानेच दारात स्टूल ठेवले, आणि वहिनींचा शिष्टपणा एकदम शहाणपणा ठरला.

लसीचे राहिले. फ्लूची लस दर साली घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून आम्ही ती मे महिन्यात देतो. सिरॉसिसच्या माणसात लस थोडी कमी चढते, पण न घेण्यापेक्षा घेणे बरे. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस आणि कोविडची लसही डॉक्टरांनी दिली. फ्लूची लस बालकांच्या लसींसारखी सरकारकडून सरसकट मोफत मिळत नाही. दोन-तीन दिवसांची मजुरी त्यात जाते, आणि घरातल्या बाकीच्यांनीही घ्यावी असे म्हणतात तेव्हा हिशोब आणखी वाढतो. आम्ही दादा आणि नातू या दोघांची घेतो. संसर्ग घरात आणतो तो नातूच. हिपॅटायटिस बी च्या तपासण्या आणि औषधे मात्र मोफत आहेत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात आणि नेमलेल्या केंद्रांत ती मिळतात. एकाला लागण निघाली की घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे, ज्यांना नाही त्यांनी तीन डोसांची लस पुरी करावी. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. २०११ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात आहे.

दादांचे लिव्हर २०१९ पूर्वी होते तिथवर परत आले नाही. पोटातले पाणी गोळ्यांनी आवरते, जात नाही. लॅक्ट्युलोज दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होईल इतके चालू आहे. निवृत्तीनंतर ते दारात वर्तमानपत्र वाचत बसतात. कोणाला ताप आला आणि घरात लिव्हरचे माणूस असेल तर लोक वहिनींना विचारायला येतात, आणि त्या पहिल्यांदा फाईल मागतात.

त्यांची एक युक्ती त्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेली आहे. दादांना नुसती कणकण आली तरी सकाळ-संध्याकाळ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांची सही घ्यायची, पगाराच्या वहीत करायचे तशी पूर्ण, आडनावासकट. मेंदूवर विष चढू लागले की अक्षर आधी मोडते, बोलणे नंतर. गेल्या जुलैत दोन दिवस ताप होता. दादा कुरकुरले, ‘रोज रोज काय हजेरी लावता?’ चारही सह्या सारख्या आल्या.